पणजीचे माहेरचे आडनाव

तुम्हाला पणज्या किती, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन ‘एक’ किंवा ‘दोन’ म्हणाल. खरे उत्तर आहे चार! दोन आईकडच्या, दोन वडिलांकडच्या. त्यांपैकी किती जणींचे माहेरचे आडनाव तुम्हाला सांगता येईल? असे का होते ते पाहू.

प्रथम थोडे गणित. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दर पिढीला संख्या दुप्पट होते. दहाव्या पिढीत ती १,०२४ आणि तिसाव्या पिढीत १,०७,३७,४१,८२४ भरते. एका पिढीला २५ वर्षे धरली तर तीस पिढ्या म्हणजे ७५० वर्षे. आपण ज्ञानेश्वरांच्या काळात जाऊन पोहोचतो. तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्या ५० कोटींच्या आत होती. मग शंभर कोटी पूर्वज आले कोठून? उघड आहे, एकच पूर्वज वंशवृक्षाच्या अनेक फांद्यांवर पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे दूरवर पाहिले तर आपण सारे एकमेकांचे नातलगच!

आता आडनावाकडे वळू. ते बापाकडून मुलाकडे येते. म्हणून दहाव्या पिढीतील १,०२४ जागांपैकी ते फक्त एका जागेचा पत्ता सांगते. तोही पक्का नसतो. कोणी ‘पुसेगावकर’ भेटले, तर त्यांचे मूळ गाव हिंगोली जिल्ह्यातील आपले पुसेगाव की सातारा जिल्ह्यातील? आडनावावरून कळणार नाही. शिवाय एका भावाची शाखा वतनामुळे ‘कुलकर्णी’ झाली आणि गाव सोडलेल्या दुसऱ्याची गावाच्या नावाने ‘कर’ झाली, असेही घडे.

कॅनडातील फ्रेंच भाषिकांतही असा घोटाळा होता. तेथे आडनावापुढे ‘दी’ लिहून दुसरे नाव जोडत. ‘दी’ म्हणजे ‘ज्याला म्हणतात तो’. पुढे कोणी पहिले नाव ठेवले, कोणी दुसरे. तरीही तेथील अनेक घराण्यांचा माग सतराव्या शतकापर्यंत लागतो. कारण चर्चच्या नोंदवहीत लग्नाच्या वेळी वधूचे माहेरचे नाव लिहीत. बहुधा तिच्या आईवडिलांचीही नावे असत. १९६६ पासून माँट्रिअल विद्यापीठातील संशोधकांनी अशा जुन्या नोंदी एकमेकींशी जोडून कुटुंबे उभी केली.

आपल्याकडेही नोंदी आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या आढळतात. जुना मजकूर पुष्कळदा मोडीत असतो. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरतात. पण ही मांडणी मुख्यतः बाप-मुलगा अशी असते. शिवाय अनेक घरांत लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहितात. आडनाव बदलते, नावही बदलते, आणि माग तेथेच तुटतो.

निसर्ग मात्र हा माग जपतो. आपल्या पेशींतील मायटोकाँड्रिया या सूक्ष्म भागांत स्वतःचा डीएनए असतो आणि तो आपल्याला आईकडूनच मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून! आडनाव पुसले तरी पणजीची ही खूण तुमच्या पेशीपेशीत आहे.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व आडनाव येते. मागच्या पिढ्यांचे काम मात्र आपणच करायला हवे.

एक वही घ्या. पहिल्या पानावर स्वतःचे नाव लिहा आणि आठही पणजी-पणजोबांपर्यंत फांद्या काढा. प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, आडनाव व गाव लिहा. आजीला विचारा. वारसाच्या जुन्या फेरफार नोंदी पाहा. त्यांत लेकींचीही नावे सापडू शकतात. माहिती कोणी सांगितली, कोणत्या कागदावरून मिळाली, तेही शेजारी लिहा. पुराव्यावाचून विज्ञान नाही. आणि हे काम पुढच्या सुटीवर टाकू नका. जी माहिती केवळ आजीच्या आठवणीत आहे, तिची दुसरी प्रत कोठेही नाही.