वेगमापक, मोटारसायकलीचा

वाहनाचा तात्कालिक वेग ताशी किलोमीटरांत दर्शविणारे उपकरण. मोटारसायकलीवर ते हँडलच्या मध्यभागी किंवा पुढील दिव्याच्या कवचात बसविलेले असते व त्याच तबकडीत एकूण अंतर मोजणारा अंतरमापकही असतो. या दोन्हींना गती एकाच ठिकाणाहून मिळत असली, तरी त्यांच्या चुका एकसारख्या नसतात. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळदा निर्दोष भाग बदलले जातात आणि दोष तसाच राहतो.

रचना व कार्य : जर्मन संशोधक ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये एकस्व घेतलेल्या आवर्त-प्रवाही वेगमापकाचेच तत्त्व यांत्रिक वेगमापकांत पुढे शतकभर वापरले गेले. बहुतेक मोटारसायकलींत पुढच्या चाकाच्या तुंब्यातील मळसूत्री दंतचक्रामुळे एक लवचिक केबल फिरते व तिच्या वरच्या टोकाला जोडलेला कायमचुंबक तिच्याबरोबर फिरतो. या चुंबकाभोवती, त्याला स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची हलकी वाटी बसविलेली असते. फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाटीत आवर्त प्रवाह निर्माण होतात व ती चुंबकामागे ओढली जाते. बारीक सर्पिल स्प्रिंग तिला अडवून धरते. ओढ वेगाच्या प्रमाणात असल्याने वाटीच्या आसावरील काटा वेगाच्या प्रमाणात वळतो. अंतरमापकाची आकडेचक्रे मात्र केबलीने फिरणाऱ्या आसावरून केवळ दंतचक्रांनी फिरतात. त्यांचा चुंबकाशी वा स्प्रिंगशी संबंध नसतो.

अलीकडील गाड्यांत चाकाजवळील संवेदक दर फेऱ्याला ठराविक विद्युत् स्पंद पाठवितो व सूक्ष्मप्रक्रियक त्यांवरून वेग काढतो. यात चुंबक-स्प्रिंगचे दोष नसतात. पण टायरच्या परिघामुळे येणारी चूक येथेही तशीच राहते.

चुकीची कारणे : वेगमापक वेग मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. २.७५–१८ मापाच्या टायरचा व्यास सु. ६० सेंमी. असतो. त्याची नक्षी ५ मिमी. झिजली, तर त्रिज्या सु. १.७ टक्के घटते व काटा तेवढाच जास्त वेग दाखवितो. त्याच चाकावर ३.००–१८ मापाचा टायर चढविल्यास व्यास सु. २ टक्के वाढतो आणि काटा तेवढा कमी दाखवू लागतो. हवा कमी असणे म्हणजे परिणामतः चाक लहान होणे होय.

याहून मोठी चूक जुन्या बाजारातून आणलेल्या वेगमापकामुळे होते. दर किलोमीटरला केबलीचे किती फेरे होतील हे धरून प्रत्येक वेगमापक बनविलेला असतो. जपानी बनावटीच्या अनेक गाड्यांत हा आकडा १,४०० आहे. इतरत्र १,००० ही प्रचारात आहे. १,००० फेऱ्यांसाठी बनविलेला वेगमापक १,४०० फेऱ्यांच्या गाडीला जोडल्यास ताशी ५० किमी. वेगाला काटा ७० वर जाईल. देशात मेट्रिक पद्धती रूढ होण्यापूर्वीच्या गाड्यांवर मैलांच्या तबकड्या असत. हौशी लोकांनी जतन केलेल्या अशा गाडीवर काटा ४० वर असेल, तर खरा वेग ताशी ६४ किमी. असतो.

वऱ्हाडात उष्णतेचा विचार विशेष करावा लागतो. ॲल्युमिनियमचा विद्युत् रोध दर अंश सेल्सिअसला सु. ०.४ टक्का वाढतो व त्या प्रमाणात आवर्त प्रवाह क्षीण होतात. डिसेंबरातील पहाटेचे १५° से. आणि मे महिन्यातील अकोल्याच्या दुपारचे ४५° से. यांतील ३० अंशांच्या फरकाने केवळ या कारणास्तव काटा सु. १२ टक्के कमी दाखवील. हे टाळण्यासाठी चांगल्या वेगमापकात चुंबकालगत निकेल-लोह मिश्रधातूची पट्टी असते. तापताच तिची चुंबकीय पार्यता घटते, तिच्यातून निसटणारे क्षेत्र वाटीकडे वळते व तूट भरून निघते. स्वस्त नकली सुट्या भागांत ही पट्टी नसेल, तर हिवाळ्यात बरोबर ठरलेला वेगमापक उन्हाळ्यात फसवितो.

चूक कोणत्या दिशेची आहे यास महत्त्व आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या विनियमानुसार प्रकार-मान्यतेच्या वेळी दर्शविलेला वेग खऱ्या वेगाहून कधीही कमी असता कामा नये. जास्त असल्यास खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किमी., एवढाच असावा. म्हणजे खऱ्या ६० ला काटा ६० ते ७० यांदरम्यान चालेल, ५९ चालणार नाही. याचे कारण उघड आहे. काटा ५० वर असता खरा वेग ६० असेल, तर थांबण्यास लागणारे ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढते. कापसाच्या हंगामात अंधार पडल्यावर मागे दिवा नसलेली बैलगाडी वा ट्रॉली अचानक पुढे येते, तेव्हा हे अंतर निर्णायक ठरते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ अन्वये वेगमापक आवश्यक आहे. पोलिसांची स्पीडगन खरा वेग मोजत असल्याने काटा कमी दाखवीत होता हा बचाव उपयोगी पडत नाही.

तपासणी : यासाठी सरळ, सपाट व वर्दळ नसलेला रस्ता हवा. अमरावती–बडनेरा–मूर्तिजापूर–अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा ६) त्या दृष्टीने सोयीचा आहे. जून २०२२ मध्ये याच टप्प्यात ७५ किमी. लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरल्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा घाट मात्र या कामी निरुपयोगी आहे. वळणांवर वेग स्थिर राहत नाही.

आधी टायरांत निर्मात्याने सांगितलेली हवा भरावी. पिवळ्या माथ्याच्या एका किलोमीटर-दगडापासून दहाव्या दगडापर्यंतचे अंतर अंतरमापकावर पाहावे. वळणमार्ग झालेल्या ठिकाणी दगडांतील अंतर विश्वसनीय नसते, म्हणून एकाच दगडजोडीवर विसंबू नये. नंतर काटा ६० वर स्थिर ठेवून ५ किमी. जाण्यास लागणारा वेळ मोजावा. घड्याळ मागे बसलेल्याने पाहावे. चालकाने एकाच वेळी काटा, दगड आणि घड्याळ पाहणे हा अपघाताला दिलेला आवतण आहे.

समजा, दगडांप्रमाणे १० किमी. झाले असता अंतरमापकाने १०.४ दाखविले, म्हणजे चाक-केबलीकडील चूक ४ टक्के आहे. ५ किमी.ला ३२० सेकंद लागले, तर खरा वेग १८,००० ÷ ३२० = ५६.२५ किमी. होय. ६० ला ५६.२५ ने भागता १.०६७ येतात, म्हणजे एकूण चूक ६.७ टक्के. १.०६७ ला १.०४ ने भागल्यास सु. १.०२६ उरतात, तेव्हा खुद्द वेगमापकातील चूक २.६ टक्केच आहे. मोठा वाटा टायरचा असताना वेगमापक उघडणे व्यर्थ होय. हीच कसोटी ३०, ४० व ५० वर घ्यावी. चूक सर्वत्र सारख्या टक्क्यांची असल्यास कारण टायर, चुंबक वा स्प्रिंग यांत असते. ती सर्वत्र सारख्या किलोमीटरांची असल्यास काटा आसावर सरकलेला असतो.

मोबाइलमधील उपग्रह-ग्राहकाने हे काम सोपे केले आहे. उघड्या पठारावर व स्थिर वेगाला त्याचे वाचन दगड-घड्याळाइतकेच किंबहुना अधिक भरवशाचे असते. वेग बदलत असताना मात्र ते क्षणभर मागे राहते.

दुरुस्ती : काटा थरथरत असल्यास दोष बहुधा कोरड्या वा मुरगळलेल्या केबलीत असतो. तिला वंगण लावावे, पण वरचे काही सेंमी. कोरडे ठेवावे, फिरत्या केबलीबरोबर वंगण वर चढून वाटीपर्यंत पोचल्यास काटा जास्त दाखवितो वा अडकतो. काटा व अंतरमापक दोन्ही बंद असल्यास केबल किंवा तुंब्यातील दंतचक्र तुटलेले असते. पावसाळ्यात शेतरस्त्यांवरील काळ्या मातीचा चिखल आत शिरून हे दंतचक्र झिजते. अंतरमापक चालू व काटा मृत असल्यास दोष वेगमापकातच शोधावा.

काटा सरकला असेल, तर तो काढून ज्ञात वेगाला पुन्हा बसवितात. प्रमाणशीर चुकीसाठी स्प्रिंगचे स्थिर टोक सरकवून तिचा ताण बदलतात, तर क्षीण झालेला चुंबक पुन्हा चुंबकित करतात. केबल ठरलेल्या गतीने फिरविणारे यंत्र असल्याखेरीज ही कामे करू नयेत. रस्त्यावर अंदाजाने केलेला फेरफार सहसा नवी चूक निर्माण करतो. अंकीय वेगमापकातील स्थिरांक निर्मात्याच्या अधिकृत उपकरणानेच बदलता येतो. अंतरमापकाचे आकडे मागे फिरविणे ही दुरुस्ती नव्हे, जुन्या गाडीच्या विक्रीत ती सरळ फसवणूक आहे. चूक थोडी व जास्त दाखविणारी असल्यास खऱ्या वेगांचा लहानसा तक्ता टाकीवर चिकटविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. टायर बदलल्यावर मात्र तो तक्ता नव्याने करावा लागतो.