आधीच ऑपरेशन केलं, तरी कॅन्सरचा धोका का उरतो?

अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये कॅन्सर झालेला नसतानाच दोन्ही स्तनांचं ऑपरेशन करून घेतलं. तिला 'बीआरसीए-१' जनुकातला दोष आईकडून मिळाला होता. धोका ८७ वरून ५ टक्क्यांखाली आला, असं तिनेच लिहिलं. शून्यावर नाही.

असं का? स्तनाच्या पेशी पिशवीत बांधून ठेवलेल्या नसतात. त्वचेखाली, काखेपर्यंत पसरलेल्या असतात. सर्जन कितीही निष्णात असो, थोड्या मागे राहतातच. त्यामुळे ऑपरेशननंतरही गाठ लागली तर दाखवायलाच हवी.

पोटाचं प्रकरण जास्त अवघड. अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेच कॅन्सर खरं तर गर्भनलिकेच्या टोकाला सुरू होतात. म्हणून अंडाशयांसोबत दोन्ही नलिकाही काढतात. पण त्याआधीच काही पेशी पोटाच्या आतल्या अस्तरावर गेल्या असतील, तर तिथे काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. हे क्वचितच घडतं. मात्र तो लवकर पकडणारी खात्रीची तपासणी नाही. पोट सतत फुगत असेल, तर 'गॅस झालाय, ओवा खा' म्हणून विषय संपवू नका.

काढलेल्या नलिकांचे बारीक काप करून तपासले का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. लपलेला कॅन्सर कधीकधी तिथेच सापडतो.

आणि ऑपरेशनने जनुक बदलत नाही. प्रत्येक मुलामुलीत तो दोष जाण्याची शक्यता ५० टक्के. त्यासाठी जेनेटिक समुपदेशन लागतं. बोरिवली-मुलुंडकरांसाठी ते परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे.