ओल कुणाची, भिंत कुणाची?

श्रावण संपत आला की आमच्या भाड्याच्या घरात ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. माझ्या कवितांच्या दोन वह्या त्या बुरशीने खाल्ल्या, त्याचं एवढं काही नाही. पण त्याच भिंतीला अम्मीची खाट होती आणि तिला दमा होता. मालक म्हणायचे, "तुम्ही घरात कपडे वाळवता." मी म्हणायचो, "तुमची भिंत गळते." दोन पावसाळे हेच चाललं.

मंडळी, भिंतीला ओल तीन वाटांनी येते. पायातून वर चढणारी ओल जमिनीलगत राहते, तिथे पांढरी खारी भुकटी दिसते. बाहेरच्या तड्यातून किंवा फुटक्या पाइपातून आलेल्या ओलीचा डाग मोठ्या पावसानंतर पसरतो. तिसरी ओल घरातल्या वाफेची. स्वयंपाक, ओले कपडे, बंद खिडक्या यांमुळे ती कोपऱ्यात आणि कपाटामागे धरते. पहिल्या दोन बहुधा मालकाच्या, तिसरी बरीचशी आपली. मूळ न शोधता वर रंग फासला, तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे ठरलेले.

हा प्रश्न किरकोळ नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्यातून तिथे २०२३ साली कायदा झाला. सामाजिक गृहसंस्थांच्या मालकांवर ठरावीक मुदतीत दुरुस्ती करण्याचं बंधन आता आलं आहे.

आपल्याकडे काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं कलम १४ सांगतं की, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. तो टाळत असेल, तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. रागाने सगळं भाडं थांबवू नये. त्यातून आपलीच बाजू लंगडी पडते. फोटो तारखेसह ठेवावेत, बिलं जपावीत. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा मात्र सहसा कायद्याने भाडेकरू ठरत नाही. त्याने ओल-गळतीची दुरुस्ती कुणी करायची, हे सहीआधीच करारात लिहून घ्यावं.

आमचं भांडण शेवटी एका गवंड्याने मिटवलं. गच्चीवरून उतरणारा पाइप भिंतीतच फुटला होता. तो मालकांनी बदलला. आणि आमच्या खोलीतली दोरी पाहून गवंडी म्हणाला, "काका, हीपण काढा." मी मुकाट्याने काढली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)