अडीच महिन्यांत मुलगा की मुलगी सांगणारे मशीन : खरे किती, खोटे किती?

मागच्या महिन्यात विहारात महिलांची बैठक संपल्यावर एक ताई थांबून राहिल्या. सुनेला दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. कोणीतरी सांगितले होते की एक माणूस गाडीत छोटे मशीन घेऊन येतो, पंधरा हजार घेतो आणि अडीच महिन्यांतच 'काय आहे' ते सांगतो. ताईंचा प्रश्न सरळ होता: "त्याचं सांगणं खरं निघतं का हो?"

वस्तीत काम करताना हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. "हा गुन्हा आहे" एवढे म्हणून आम्ही पूर्वी विषय संपवत होतो. पण त्याने समोरच्याचे तोंड बंद होते, मनातला प्रश्न तसाच राहतो. म्हणून इथे नीट उत्तर देत आहोत.

मशीनला काय दिसते?

बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरते आणि ते वडिलांच्या शुक्राणूवरून ठरते. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येते. वडिलांकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. म्हणजे 'मुलीच होतात' म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घराला शास्त्राची एक ओळसुद्धा साथ देत नाही.

सोनोग्राफीला मात्र गुणसूत्रे दिसत नाहीत. ध्वनिलहरी आत जातात, परत येतात आणि त्यातून करड्या सावल्यांचे चित्र तयार होते. साधारण नवव्या आठवड्यापर्यंत मुलगा आणि मुलगी दोघांच्याही शरीरावर त्या जागी सारखाच छोटा उंचवटा असतो. फरकच तयार झालेला नसतो, तर तो दिसणार कुठून? अकराव्या आठवड्यात तज्ज्ञांनी चांगल्या मशीनवर केलेल्या अभ्यासांतही अंदाज सुमारे 70 टक्के वेळाच बरोबर आला आहे. बारा-तेरा आठवड्यांनंतर अचूकता झपाट्याने वाढते आणि पाचव्या महिन्याच्या आसपास ती बहुतेक वेळा 95 टक्क्यांच्या वर जाते. तेव्हाही बाळाने मांड्या मिटलेल्या असतील, नाळ पायांमधून गेलेली असेल किंवा चित्र धूसर असेल तर चूक होते.

आता अडीच महिने म्हणजे दहा-अकरा आठवडे. गाडीतले मशीन, घाईचे दोन मिनिट आणि बहुतेकदा कसलेही शिक्षण नसलेला माणूस. त्याच्या सांगण्याची किंमत नाणे उडवण्यापेक्षा फार जास्त नाही.

मग त्याचे नाव कसे होते?

गणित सोपे आहे. शंभर बायकांना न तपासता 'मुलगा' सांगितले तरी पन्नासेक जणींना मुलगा होणारच. त्या घरांतून त्याची जाहिरात होते. ज्यांचे चुकले ते गप्प बसतात, कारण तक्रार करायला गेले तर आपणच अडकू हे त्यांना ठाऊक असते. आणि ज्यांना 'मुलगी' सांगून गर्भपात करायला लावला, त्या घरांत सांगणे बरोबर होते की चूक हे कधीच कोणाला कळत नाही. अकराव्या आठवड्याचा 70 टक्क्यांचा हिशेब धरला, तरी 'मुलगी' सांगितलेल्या दर शंभरांत तीसेक मुलगे असू शकतात. ही चूक कुठल्याच वहीत नोंदली जात नाही. म्हणूनच हा धंदा चालतो.

पोटाचा आकार, तिखट-गोडाचे डोहाळे, बाळाच्या ठोक्यांचा वेग यांवरूनही लोक सांगतात. सुरुवातीच्या महिन्यांत मुलाच्या आणि मुलीच्या ठोक्यांत सांगण्याजोगा फरक नसतो. बाकीच्या खुणांनाही आधार नाही.

पण मशीन खरे बोलले तर?

इथे आम्हाला प्रामाणिक राहावे लागते. 'मशीन चुकते म्हणून जाऊ नका' एवढेच सांगितले, तर पाचव्या महिन्यात ते बहुतेक वेळा चुकत नाही, हेही लोकांना कळतेच. आमचा विरोध मशीनच्या चुकीला नाही. मशीन शंभर टक्के अचूक असते, तरी मुलगी आहे म्हणून तिला नाकारणे चूकच ठरले असते.

ही लढाई महाराष्ट्राने आधी लढली. गर्भजलपरीक्षेचा गैरवापर वाढल्यावर मुंबईतील महिला संघटना आणि कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि 1988 साली देशातला पहिला कायदा या राज्यात झाला. केंद्राचा कायदा 1994 चा. त्याची अंमलबजावणी नीट होत नाही म्हणून सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले; पुढे 2003 मध्ये कायदा अधिक कडक झाला. आज लिंग शब्दाने, खुणेने किंवा कुठल्याही प्रकारे सांगणे गुन्हा आहे. सांगणाऱ्याला आणि विचारणाऱ्या नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्त्रीवर मात्र पती किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असेच कायदा आधी गृहीत धरतो.

तरीही आकडे बघा. निसर्गतः दर हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्मतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे प्रमाण 2001 च्या जनगणनेत 913 होते, 2011 मध्ये 894 झाले. बीड जिल्ह्यात ते 807 पर्यंत घसरले.

'हे सवर्णांच्या, पैसेवाल्यांच्या घरातले' असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. शिक्षण आले, नोकरी आली, दोनच मुले हवीत हा विचार आला आणि त्याबरोबर 'त्यातला एक तरी मुलगा' ही अटही आपल्या घरात शिरली. कोसलचा राजा प्रसेनजित मुलगी झाली म्हणून खिन्न झाला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला समजावले की मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते. अडीच हजार वर्षांपूर्वी राजाला सांगितलेली ही गोष्ट आपल्या घरात अजून सांगावी लागते.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

भीतीपोटी सोनोग्राफी टाळू नका. तिसऱ्या आणि पाचव्या महिन्यातल्या तपासणीत बाळाची वाढ, व्यंग, वारेची जागा कळते. त्यासाठीच ती आहे. कायद्याच्या चौकटीतला सुरक्षित गर्भपात हा स्त्रीचा हक्क आहे. लिंग बघून केलेली निवड हा वेगळा विषय आणि गुन्हा आहे. दोन्हींची गल्लत करून अडचणीतल्या बाईला आणखी अडचणीत टाकू नये. गाडीतून मशीन फिरवणारा कोणी आढळला तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करता येते.

त्या ताईंना आम्ही हेच सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी पण माझ्या आईची चौथी मुलगीच." पुढच्या तपासणीला त्या सुनेबरोबर सरकारी दवाखान्यात गेल्या. बाळाची वाढ कशी आहे, एवढेच त्यांनी विचारले.