शिवणीवरून साल

महायुद्धातल्या वैमानिकाचा जुना फोटो हाती आला की आपण आधी विमान बघतो, मग चेहरा. कपड्यांचा जाणकार बघतो ती झिप, बाहीची शिवण आणि बुटाचा काठ. फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेलं साल तोही वाचतो, पण त्यावर विसंबत नाही. असली सालं पुष्कळदा घरातल्या कुणी तरी, पुढे कधी तरी, आठवून टाकलेली असतात.

वर गेलं की दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पहिल्या महायुद्धात कॉकपिट उघडं, त्यात वाऱ्याचा मारा. सुरुवातीला ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे चामडी कोट विकत घ्यावेत, अशी तऱ्हा होती. त्यामुळे त्या काळातले फोटो ओळखायला सर्वांत किचकट. मांडीपर्यंत येणारे मेंढीच्या कातड्याचे बूट दिसले, तर ती कल्पना व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी लॅनो हॉकर यांची. फरची कॉलर असलेला एकसंध सूट दिसला, तर तो बहुधा सिडकॉट. 1916-17च्या हिवाळ्यात सिडनी कॉटन हे ऑस्ट्रेलियन वैमानिक घाईघाईत तेलकट डगल्यातच उडाले. उतरल्यावर बाकीचे कुडकुडत होते आणि हे मजेत! तेल-ग्रीस मुरलेल्या कापडातून वारा आत शिरत नव्हता. त्यावरून त्यांनी फर, रेशीम आणि वरून दाट विणीचं कापड असा तीन थरांचा सूट शिवून घेतला.

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर 1918मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या 23व्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन उडवत. त्या विमानाची गंमत अशी, की रेडिएटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांमुळे अंगाला ऊब मिळे, पण डोकं वरच्या पंखातल्या चौकटीतून थेट वाऱ्यात. म्हणजे कोणता कपडा किती जाड, हे नुसत्या उंचीवर नाही, विमानाच्या घडणीवरही ठरत असे. वेलिणकर त्याच वर्षी जूनच्या अखेरीस गेले. शीख वैमानिक हरदितसिंग मलिक यांनी तर फेट्यावर बसेल असं मोठं हेल्मेट खास करवून घेतलं होतं. ते फोटोत दिसलं, तर माणूस ओळखायला दुसरा पुरावा कशाला हवा?

रंगाच्या बाबतीत मात्र कृष्णधवल फोटो सरळ फसवतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे. लाल काळा येई, पिवळाही गडद पडे आणि निळा फिकट. म्हणून रंगाचा अंदाज बाजूला ठेवून शिलाई वाचावी.

शिलाई वाचायला उत्तम नमुना म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांचं अर्विन जाकीट. लेस्ली अर्विन हे मूळचे पॅराशूटवाले. 1919मध्ये विमानातून उडी घेऊन त्यांनी हवेतच स्वतः पॅराशूट उघडून दाखवलं आणि 1926मध्ये इंग्लंडात लेचवर्थला कारखाना काढला. त्यांचं जाकीट आतून लोकर, बाहेरून कातडं. भिंगाखाली धरा: रुंद कॉलर, कमरेला पट्टा, मनगटापासून वर जाणारी झिप, आणि बाहेर खिसा एकही नाही. अमेरिकन बी-3 दुरून अगदी तसंच दिसतं, पण त्याला कॉलर आवळायला चामड्याच्या पट्ट्या असतात, खिसा असतो आणि कमरेचा पट्टा नसतो. सुरुवातीच्या अर्विनला कातड्याचे मोठे, अखंड तुकडे. युद्ध लांबलं तशी लहान तुकड्यांची जोडकामं वाढली. पाठीवर शिवणींचं जाळं दिसलं, तर तो माल बहुधा नंतरचा.

पण कपडा सांगतो ते ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच. 1941चं हेल्मेट आणि 1936चे बूट एकाच अंगावर असतील, तर हेल्मेटचं ऐकायचं. जुने, पायात रुळलेले बूट कोण टाकतो? देशही एका कपड्यावरून ठरवू नये; इंग्लंडातले अमेरिकन लढाऊ वैमानिक सर्रास ब्रिटिश हेल्मेट वापरत.

मला सर्वांत बोलके वाटतात ते लँकेस्टर बॉम्बरच्या सात जणांचे, उड्डाणाआधीचे समूहफोटो. गरम हवेचं तोंड वायरलेसवाल्याजवळ. तो उकाड्याने हैराण. शेपटाकडच्या मनोऱ्यातल्या तोफवाल्याला मात्र विजेवर तापणारा सूट लागे, आणि नीट दिसावं म्हणून अनेकांनी समोरचं पर्स्पेक्सचं पारदर्शक तावदानही कापून काढलेलं. अशा फोटोखाली नावं नसली, तरी रांगेतला सर्वांत जाडजूड, हात अंगाला न टेकणारा गडी हेरावा आणि त्याच्यापुढे ‘मागचा तोफवाला’ असं पेन्सिलीने लिहावं. पेन्सिलीनेच!