एकराला पाच गुंठे

३४४ चौरस किलोमीटर. नवी मुंबईसाठी आखलेल्या क्षेत्राचा हा आकडा नुसता वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. म्हणून दादरचं शिवाजी पार्क आठवा. तशी तीन हजार मैदानं शेजारी शेजारी मांडली, तर कुठे हे क्षेत्र भरतं. बृहन्मुंबईच्या जवळजवळ पाऊणपट!

खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. हे शहर उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. उद्दिष्ट होतं २० लाख वस्तीचं. एवढी माणसं वीस वर्षांत वसवायची म्हटली, तर रोज २७४ माणसं आणावी लागतात. घरटी पाच माणसं धरली, तरी दररोज ५५ नव्या चुली पेटायला हव्यात. प्रत्येक चुलीमागे नळ, संडास, मुलांना शाळा आणि कमावत्याला कामावर नेणारी गाडी. ती गाडी, म्हणजे लोकल, वाशीला पोचली १९९२ मध्ये.

या सगळ्या अवाढव्य हिशेबात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सातचा आकडा. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी सात-सात घरं एकेका अंगणाभोवती मांडली. अंगण जेमतेम आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अशी तीन अंगणं, म्हणजे एकवीस घरं, मिळून आणखी एक मोठं अंगण. शेजाऱ्याशी सामाईक भिंत एकाही घराला नाही, त्यामुळे ज्याला जमेल तसं त्याने आपलं घर वाढवावं. लाखांचं शहर असं सातापासून मोजायला हवं होतं.

पण ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. ९५ गावं, भातखाचरं, मिठागरं आणि पिढ्यान्‌पिढ्या राबणारे आगरी, कोळी, कराडी लोक इथे होते. शहराच्या आराखड्यात हेक्टर होते, त्यांच्या सातबाऱ्यावर गुंठे. जानेवारी १९८४ मध्ये, शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उरण-जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला.

एकर चाळीस गुंठ्यांचा. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे.