शर्टाचा खिसा आणि पेसमेकर

उन्हाळ्यात आपल्याकडे भारतातून आई-वडील येतात. त्यांच्यापैकी कोणाला पेसमेकर असेल, तर हे जरूर वाचा. माझ्या सासऱ्यांना तो आहे आणि मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवायची सवयही!

१९८०च्या दशकात निओडिमियम, लोह व बोरॉन यांपासून अतिशय शक्तिशाली लोहचुंबक तयार झाले. लहान असल्याने ते आज मोबाइलमध्ये, हेडफोनमध्ये सर्रास असतात. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखण्याची सोय मुद्दाम केलेली असते. डॉक्टरांना ती तपासणीत उपयोगी पडते. चुंबक जवळ आला, की पेसमेकर साधारणतः हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यांकडे न पाहता ठरावीक गतीने चालू लागतो. डिफिब्रिलेटर असेल, तर ऐन वेळी जीव वाचवणारा शॉकच थांबू शकतो. चुंबक दूर केल्यावर यंत्र बहुधा पूर्ववत चालते.

अमेरिकेच्या एफडीएने २०२१ साली मोबाइल व स्मार्टवॉच अशा यंत्रांपासून किमान ६ इंच दूर ठेवण्याचा सल्ला दिला. धोका कमी आहे, घाबरू नये. शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे. सासऱ्यांना आम्ही मोबाइलसाठी कमरेचे पाऊच आणले. तुमच्याकडील पाहुण्यांचे खिसेही एकदा पाहून घ्या.